‘फेअर’ म्हणजे काय?

परभाषेतील विचार आपल्या भाषेत आणावयाचे म्हटले म्हणजे मोठमोठाल्या शब्दांपेक्षा लहान शब्दच अधिक अडवून धरतात, असा आमचा इतक्या वर्षांच्या अध्यापनातील अनुभव आहे. ‘डेमॉक्रसी’ला लोकशाही म्हटले, ‘सायकॉलॉजी’ला मानसशास्त्र म्हटले, नवा शब्द प्रथम कानास जरा खडबडीत लागतो, पुढे वापराने गुळगुळीत होतो, आणि काम चालते. परंतु जो शब्द इंग्रज मूल शाळेत जाण्याच्या आधीपासून दिवसातून दहा वेळा उच्चारते, तो मराठीत आणावयास जावे तो चांगल्या चांगल्या भाषांतरकारांची लेखणी अडखळते. असा एक शब्द म्हणजे ‘फेअर’.

हा शब्द आता आपल्याही घरात येऊन बसला आहे. धाकट्याच्या ताटात मोठा लाडू पडला की थोरला आईकडे तक्रार घेऊन येतो, “हे फेअर नाही!” त्याला ‘अन्याय’ हा शब्द ठाऊक नसतो असे नव्हे. परंतु अन्याय म्हटले की डोळ्यांपुढे कचेरी, फिर्याद, निदान एखादा जुलमी सावकार तरी उभा राहतो. एका लाडवासाठी एवढा जड शब्द उचलावयास मुलाची जीभ धजत नाही. ‘हे बरोबर नाही’ म्हणावे तर गणितही बरोबर नसते आणि घड्याळही बरोबर नसते. त्याला जे म्हणावयाचे आहे ते या दोहोंच्या मधले आहे, आणि त्या मधल्या जागेवर इंग्रजीतील हा चिमुकला शब्द नेमका जाऊन बसतो.

ही अडचण केवळ मराठीची आहे असेही नाही. पोलंडमध्ये जन्मलेल्या ॲना विएर्झबिका या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, ‘फेअर’ ही कल्पना इंग्रजी भाषेची खास आहे, आणि तिचा तंतोतंत पर्याय युरोपातील इतर भाषांतही मिळत नाही. जर्मन लोकांनी तर भाषांतराचा नाद सोडून तो शब्दच आपल्या भाषेत जसाच्या तसा घेतला. यावरून एक प्रश्न सहजच उत्पन्न होतो. ज्या समाजाच्या भाषेत हा शब्द नाही, त्या समाजाच्या मनात ती कल्पनाही नाही, असे समजावयाचे काय? आणि उलट, ज्यांच्या जिभेवर हा शब्द सदैव नाचतो, त्यांचे वर्तन त्यामुळे अधिक नीतीचे ठरते काय? प्रश्न शब्दाचा दिसतो, पण तो नीतीचा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

एखाद्या शब्दाचे अंतरंग जाणावयाचे असेल तर त्याचे विरोधी कोणकोण आहेत हे पाहावे. ‘फेअर’ला असे विरोधी पुष्कळ आहेत. हवेच्या बाबतीत त्याच्या विरुद्ध ‘फाउल’, म्हणजे वादळी व घाणेरडी हवा. लेखनाच्या बाबतीत त्याच्या विरुद्ध ‘रफ’. विद्यार्थी आधी कच्ची प्रत काढतो व मग ‘फेअर’ करतो. केसांच्या व कातडीच्या बाबतीत त्याच्या विरुद्ध ‘डार्क’, म्हणजे काळा. खेळात त्याच्या विरुद्ध पुन्हा ‘फाउल’. पण येथे त्याचा अर्थ घाण असा नसून नियमबाह्य असा होतो. आणि वाटणीच्या, व्यवहाराच्या किंवा वागणुकीच्या बाबतीत त्याच्या विरुद्ध केवळ ‘अनफेअर’. त्याहून निराळा शब्द इंग्रजांनाही सुचलेला नाही. याखेरीज गुणपत्रिकेत ‘फेअर’ म्हणजे मध्यम. ‘गुड’च्या खाली आणि ‘पुअर’च्या वर अशी त्याची त्रिशंकूसारखी जागा आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्याच्या निबंधावर आम्ही ‘फेअर’ असा शेरा मारला, त्याला तो वाचून आनंद झाल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही. जत्रेला ‘फेअर’ म्हणतात तो शब्द मात्र निराळ्या कुळातला आहे. तो लॅटिनमधील सणाच्या सुटीच्या वाचक शब्दापासून आला, आणि केवळ उच्चाराच्या साम्यामुळे शेजारी येऊन बसला. म्हणून त्याला येथेच निरोप देऊ.

बाकीचे सर्व अर्थ एकाच बीजाचे आहेत. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ सुंदर, डोळ्यांना सुखविणारे, असा होता. सुंदर ते निर्मळ, निर्मळ ते डागरहित, डागरहित ते लबाडीचा डाग नसलेले, अशी पायरी पायरीने त्याची उत्क्रांती झाली, आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धापर्यंत तो रूपावरून वर्तनावर येऊन पोहोचला. म्हणजे नीतीचा हा शब्द मुळात सौंदर्याचा शब्द आहे. यात नवल करण्यासारखे काही नाही. आपणही ‘शोभत नाही’ असे म्हणून मुलांना वाईट वागणुकीपासून परावृत्त करतो. ‘काळे कृत्य’ म्हणतो, ‘स्वच्छ चारित्र्य’ म्हणतो. नीती ही मनाला कळण्याच्या आधी डोळ्यांना रुचावी लागते, असे मानवजातीच्या सर्वच भाषा सांगत आहेत.

परंतु येथेच या शब्दाची पहिली मेख आहे. सुंदर आणि न्याय्य या दोन अर्थांच्या मध्ये ‘गोरा’ हा तिसरा अर्थ येऊन बसला. ज्या थंड देशात गोरा वर्ण हाच सामान्य, तेथे सुंदर म्हणजे गोरे असे समीकरण लोकांच्या मनात रुजले तर त्यात त्यांचा विशेष अपराध नाही. शेक्सपिअरसारख्या कवीने आपल्या सुनीतांत एका सावळ्या स्त्रीची स्तुती करताना याच द्व्यर्थावर कोट्या केल्या आहेत. अर्थात् हे समीकरण खोटे आहे हे त्याच्या ध्यानात आलेच होते. परंतु हा शब्द जेव्हा राज्यकर्त्यांच्या बरोबर उन्हाळी देशात आला, तेव्हा त्याचे तिन्ही अर्थ एका गाठोड्यात बांधून आले. राज्यकर्ता गोरा, म्हणून तो देखणा, आणि म्हणूनच तो न्यायी, अशी एक चमत्कारिक तर्कपरंपरा एका शब्दाच्या आश्रयाने सुखाने नांदू लागली.

आपल्या भाषेत हे अर्थ एकत्र नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘गोरा’ निराळा, ‘सुंदर’ निराळा, ‘न्यायी’ निराळा. ज्या दैवतासाठी महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे दरवर्षी आषाढात पायी पंढरीची वाट चालतात, ते दैवत सावळे आहे. आणि संस्कृत काव्यातील ‘श्यामा’ ही रूपवतीच असते. पण म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. भाषेने जे अर्थ वेगळे ठेवले ते आपल्या मनाने एकत्र केले. वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण पदवीच्याही आधी छापून येत असे, आणि सावळ्या मुलीच्या आईला स्थळ पाहताना मुलीच्या गुणांची यादी जरा लांबवावी लागत असे, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ या नावाचे मलम भारताच्या बाजारात आले व घरोघर पोहोचले. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध ओरड झाली तेव्हा त्याच्या मालकांनी नावातील ‘फेअर’ काढून त्या जागी ‘ग्लो’ हा शब्द घातला. शब्द बदलला हे चांगलेच झाले. मात्र नावातून शब्द काढणे एका दिवसाचे काम असते, आणि मनातून तो काढावयास पिढ्या लागतात.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. सरकारी कारभारात हा शब्द मराठीत आणणे भागच होते, कारण कारभार भाषेसाठी थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधावाटप आले, आणि पुढे ‘फेअर प्राइस शॉप’ला महाराष्ट्रात ‘रास्त भाव दुकान’ असे नाव पडले. उसाला कारखान्याने निदान किती दर दिलाच पाहिजे हे केंद्र सरकार ठरविते. २००९ पासून त्या दराच्या नावात ‘फेअर’ हा शब्द आला, आणि त्याचेही मराठी ‘रास्त व किफायतशीर दर’ असे झाले. शेतकरी त्याला नुसते ‘एफआरपी’ म्हणतो आणि तो वेळेवर न मिळाल्यास रस्त्यावर उतरतो. ज्या कोणी हा ‘रास्त’ शब्द योजिला, त्याच्या भाषाज्ञानाचे आम्हांस कौतुक वाटते. ‘रास्त’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ सरळ. संस्कृतातील ‘ऋजु’ आणि इंग्रजीतील ‘राइट’ हे त्याचे दूरचे भाऊबंदच आहेत. म्हणजे इंग्रजांनी जी कल्पना सुंदर या शब्दात पाहिली, ती आपण सरळ या शब्दात पाहिली. सुंदर काय हे ज्याच्या त्याच्या आवडीवर अवलंबून राहते. सरळ काय हे ओळंबा लावून कोणालाही तपासता येते. भावाच्या बाबतीत तरी आपला शब्द इंग्रजीहून भक्कम पायावर उभा आहे.

तथापि ‘रास्त’ने सगळे काम भागत नाही. भाव रास्त असतो, मागणी रास्त असते. पण खेळ रास्त असत नाही, आणि लाडवाची वाटणी रास्त झाली नाही असे कोणतेही मूल म्हणत नाही. तेव्हा या शब्दाच्या नैतिक अर्थाचा गाभा कोणता, हे आणखी खोलात जाऊन पाहिले पाहिजे. प्रेमात आणि युद्धात सर्व काही ‘फेअर’ असते, अशी एक इंग्रजी म्हण आहे. मराठीत ती ‘सारे काही क्षम्य असते’ अशी रूढ झाली आहे. वाचकांनी या दोन विशेषणांवर क्षणभर विचार करावा. क्षम्य म्हणजे क्षमा करण्यासारखे. अर्थात् अपराध झाला हे त्यात आधीच कबूल केलेले असते. ‘फेअर’मध्ये अपराधाचा मागमूसही नाही. जेथे खेळाचे नियमच ठरलेले नाहीत तेथे नियमभंगही संभवत नाही, आणि म्हणून कोणीही कोणाला दोष देऊ शकत नाही, असा त्या म्हणीचा आशय आहे. यावरून या शब्दाचे मर्म हाती लागते. अनेकांनी मिळून एक उद्योग मांडावा, त्याचे काही नियम सर्वांनी मान्य करावेत, आणि मग कोणीही दुसऱ्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये, ही ‘फेअर’ची भूमी आहे. न्याय वरून येतो. राजा देतो, न्यायाधीश देतो, परमेश्वर देतो. ‘फेअर’ असणे हे बरोबरीच्या माणसांनी एकमेकांशी पाळावयाचे असते. म्हणूनच हा शब्द न्यायमंदिरापेक्षा मैदानावर अधिक ऐकू येतो.

पण मैदानावर तरी तो निर्वेध आहे काय? १९४७ सालच्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटी सामन्यात आपल्या विनू मांकडांनी बिल ब्राऊन या ऑस्ट्रेलियन फलंदाजाला बाद केले. मांकड चेंडू टाकण्याच्या आधीच ब्राऊन धावेच्या लोभाने आपली जागा सोडून पुढे सरकला होता. मांकडांनी चेंडू न टाकता यष्ट्या उडविल्या. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी त्याला या आगळिकीबद्दल ताकीदही दिली होती. नियमाने फलंदाज बाद होता. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनीही आपल्या आत्मचरित्रात मांकडांचीच बाजू घेतली. तरीही ‘हे फेअर नव्हे’ असा गिल्ला झाला, आणि पाऊणशे वर्षे क्रिकेटच्या जगात मांकडांच्या नावावरून बनविलेले क्रियापद एका हलक्या कृत्याचे नाव म्हणून वापरले गेले. २०२२ साली क्रिकेटच्या नियमांची सूत्रे सांभाळणाऱ्या लंडनच्या एम.सी.सी.ने ही बाब ‘अनफेअर प्ले’च्या प्रकरणातून काढून साध्या ‘रन आउट’च्या प्रकरणात घातली. जो माणूस हद्दीच्या बाहेर चोरपावलांनी सरकत होता त्याला कोणी नाव ठेवले नाही, आणि ज्याने नियमाप्रमाणे त्याला धरले त्याचे नाव कलंकित झाले! याचे कारण असे की, ‘फेअर’ या शब्दात लिखित नियमांहून अधिक असे काही असते. एक अलिखित समजूत असते. ती समजूत हेच या शब्दाचे सौंदर्य आहे, आणि तीच त्याची दुसरी मेख आहे. कारण लिहिलेला नियम सर्वांना वाचता येतो. न लिहिलेली समजूत, जे आधीपासून दिवाणखान्यात बसलेले असतात त्यांची असते.

आता आम्ही आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. मराठीत शब्द नाही, म्हणून कल्पनाही नाही काय? आमचे उत्तर असे की, कल्पना आहे, आणि ती चांगली ठसठशीत आहे. फक्त आपल्या भाषेने तिला होकारार्थी नाव न देता नकारार्थी नावे दिली आहेत. विटीदांडूत किंवा गोट्यांत जो हरू लागला की नियमच बदलू पाहतो, त्याच्या खेळाला मराठी मुले ‘रडीचा डाव’ म्हणतात. एकाला आपला व दुसऱ्याला परका मानून वागणे याला ‘दुजाभाव’ म्हणतात. आणि एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार व दुसऱ्याच्या पानावर नुसता वास, असे जेव्हा वाढपी करतो, तेव्हा त्याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. आमच्या मते ‘अनफेअर’ला पंक्तिप्रपंचाइतका अचूक प्रतिशब्द जगातील दुसऱ्या कोणत्याही भाषेत क्वचितच असेल. पोट भरण्यापुरते दोघांनाही मिळाले असेल. उपाशी कोणी राहिला नसेल. तरीही शेजारच्या पानाकडे नजर गेली की घास कडू होतो. दुःख कमी मिळाल्याचे नसते, वेगळे मानल्याचे असते.

किंबहुना नकार हाच या कल्पनेचा मूळ धर्म असावा. २००३ साली सारा ब्रॉस्नन व फ्रान्स द व्हाल या दोघा शास्त्रज्ञांनी कॅपुचिन जातीच्या माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एकच काम केल्याबद्दल एका माकडिणीला काकडीचा तुकडा आणि शेजारणीला द्राक्ष दिले, तर पहिली पुष्कळदा ती काकडी, जी एरवी ती आनंदाने खात असे, नाकारीत असे. या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे पंडितांत वाद झाले, आणि माकडिणीच्या मनात काय होते हे कोणी सांगावे? पण मनुष्याच्या बाबतीत तरी हे निश्चित की, वाटणी कशी असावी हे सांगता येण्याच्या कितीतरी आधी ती कशी नसावी हे त्याला कळते. आपल्या भाषेने ही गोष्ट ओळखली, आणि मुलांचा खेळ व जेवणाचे पान या दोनच ठिकाणी तिला नाव दिले. कारण ती प्रथम तेथेच भेटते.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणास वाटेल की, पंक्तिप्रपंच टाळला म्हणजे न्याय झाला. तसे झाले असते तर नीतिशास्त्र फार सोपे झाले असते! ‘फेअर’ आणि ‘न्याय’ या दोहोंची नेहमी गाठ पडतेच असे नाही. दोन्ही बाजूंनी त्यांची ताटातूट होऊ शकते, आणि खरी अडचण तेथे आहे.

न्याय आहे पण ‘फेअर’ नाही, याचे उदाहरण महाभारतात आहे. भीम व दुर्योधन यांच्या अखेरच्या गदायुद्धात भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला. नाभीच्या खाली प्रहार करावयाचा नाही, हा गदायुद्धाचा नियम. दोघांचाही गुरू बलराम तेथे हजर होता, आणि तो संतापून नांगर उगारून भीमावर धावला. दुर्योधनाने भर सभेत द्रौपदीला हीच मांडी दाखविली होती, कपटद्यूताने राज्य लुबाडले होते. पांडवांच्या बाजूला न्याय होता याविषयी व्यासांना संशय नाही. पण म्हणून त्यांनी बलरामाच्या तोंडाला कुलूप घातले नाही. नियम मोडला ही गोष्ट त्यांनी स्वच्छ लिहून ठेवली, आणि न्याय्य विजयावरही हा डाग तसाच राहू दिला. ‘फेअर फाइट’ला आपला जुना शब्द ‘धर्मयुद्ध’ हा आहे, आणि धर्मयुद्धाची कसोटी, ज्याच्याशी लढावयाचे तो स्वतः अधर्मी असतो तेव्हाच लागते, हे त्या प्रसंगाने शिकविले आहे.

याच्या उलट, ‘फेअर’ आहे पण न्याय नाही, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच आहे, आणि ते अधिक बोचणारे आहे. पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाज. ते चांभार समाजातील. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी निगुतीने राखण्याचे व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम करता करता त्यांचा हात तयार झाला. पुढे इंग्रजांना हरवावयाचे तर हा हात पाहिजे, म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतले. मैदानावर सर्व नियम त्यांना इतरांसारखेच लागू होते. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. त्यांनी मिळविलेला बळी सर्वांचा बळी होई. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यातून देण्यात येई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. रामचंद्र गुहा यांनी क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात ही हकीकत सविस्तर सांगितली आहे, आणि ती वाचताना सुजाण मराठी वाचकाची मान खाली गेल्यावाचून राहत नाही.

या हकीकतीत खेळ कोठेही ‘अनफेअर’ झाला नाही, हीच तिच्यातील भयंकर गोष्ट आहे. पंचांनी बाळूंचा एकही बळी नाकारला असे कोणी म्हटलेले नाही. अन्याय सीमारेषेच्या बाहेर झाला, आणि ‘फेअर प्ले’ची सत्ता सीमारेषेच्या आतच चालते. आमच्या पंगतीचेही तेच. एका पानाला तूप व एका पानाला नाही, हा पंक्तिप्रपंच म्हणून आमचे पूर्वज त्याला नावे ठेवीत; आणि ज्याला त्या पंगतीत पानच नाही, जो उष्ट्या पत्रावळी उचलण्यासाठी अंगणाबाहेर उभा आहे, त्याच्याविषयी त्यांच्या भाषेत अवाक्षर नसे. पंढरपूरला सावळ्या देवाच्या दर्शनाची रांग होती. रांगेत पुढे घुसणे सर्वांनाच निंद्य वाटे. पण त्या रांगेत उभे राहण्याचा अधिकारच ज्यांना नव्हता, त्यांच्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. रांग ‘फेअर’ होती. मंदिर न्यायी नव्हते.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी ही ताटातूट मिटविण्याचा मोठा प्रयत्न केला. १९५८ सालच्या निबंधात व पुढे १९७१ सालच्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात त्यांनी न्यायाची उपपत्ती ‘फेअरनेस’वर उभारली. त्यांची कल्पना आपल्या पंगतीच्या भाषेत अशी सांगता येईल. पंगतीचे नियम ज्यांनी ठरवावयाचे त्यांच्या डोळ्यांवर पडदा असावा. आपण कोणत्या पानावर बसणार, ओळीच्या आरंभी की शेवटी, आपली जात कोणती, बुद्धी किती, कमाई किती, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नसावे. मग ते जे नियम करतील ते सर्वांना मान्य होण्याजोगे होतील. वडी कापणाऱ्याने आपला तुकडा सर्वांच्या मागून उचलावा, म्हणजे तो आपोआप सारख्या वड्या कापतो, ही प्रत्येक घरातील सुज्ञ गृहिणीला ठाऊक असलेली युक्तीच रॉल्स यांनी समाजाच्या घटनेस लावली आहे. न्याय आणि ‘फेअरनेस’ या दोन कल्पना एकच आहेत असे आपले म्हणणे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. न्यायाची तत्त्वे ज्या स्थितीत ठरवावयाची ती स्थिती ‘फेअर’ असावी, एवढेच त्यांचे म्हणणे. आमच्या मते पडद्याची ही कल्पना पुरी उपयोगी पडावयाची असेल तर तो पडदा आणखी थोडा लांब केला पाहिजे. आपण कोणत्या पानावर बसणार एवढेच नव्हे, तर आपण पंगतीत असणार की अंगणाबाहेर, हेही नियम करणाराला ठाऊक नसावे.

तेव्हा आमचा अभिप्राय थोडक्यात असा. ‘फेअर’ हा शब्द मुलांच्या तोंडून ऐकला तर इंग्रजी शब्द म्हणून त्याला हटकण्याचे कारण नाही. बरोबरीच्या माणसांनी परस्परांशी वागताना लिखित नियमाच्या आडोशाने लबाडी करू नये, ही शिकवण त्यात आहे, आणि ती आपल्या सार्वजनिक जीवनात जितकी रुजेल तितकी थोडीच. निवडणूक, परीक्षा, नोकरीची निवड, भावाभावांतील वाटणी, या सर्व ठिकाणी रडीचा डाव आपण रोज पाहतो. परंतु या शब्दाबरोबर त्याचा गोरेपणाचा अर्थ घरात येऊ देऊ नये. आणि त्याची सीमाही ओळखून असावे. मुलगा जेव्हा म्हणतो, “हे फेअर नाही,” तेव्हा तो बहुधा आपल्या लाडवाविषयी बोलत असतो, आणि त्या वयात ते योग्यच आहे. त्याला आणखी एक प्रश्न विचारावयास शिकविणे हे आईबापांचे व आम्हां शिक्षकांचे काम आहे: ज्या बाईंनी आज सकाळी आपल्या स्वयंपाकघरात हे लाडू वळू लागले, त्यांच्या घरी किती गेले?